त्सागाननूर: पाणी पश्चिमेला, कारभार पूर्वेला

मंगोलियाच्या उत्तर टोकाला, खुव्सगुल प्रांतात, त्सागाननूर नावाचा सुम आहे. सुम म्हणजे साधारण आपला तालुका. क्षेत्रफळ पाच हजार चौरस किलोमीटरच्या पुढे, माणसे दोन हजारांच्या आत. वस्ती इतकी विरळ असण्याला थंडी कारणीभूत आहेच, पण तेवढ्याने या सुमाची घडण कळत नाही. त्यासाठी आधी पाण्याची वाट पाहायला हवी.

सुम दारखाद खोऱ्याच्या उत्तर कडेला आहे. हिमयुगात टेंगिस नदीच्या बाजूने उतरलेल्या हिमनदीने खोऱ्याचे तोंड बुजवले आणि मागे प्रचंड खोल सरोवर तुंबले. बर्फाचा बांध फुटला की ते पाणी सायबेरियातल्या येनिसेई नदीकडे लोटत जाई. खोऱ्याचा सपाट तळ हा त्याच सरोवराचा वारसा. शिश्गेद नदी आजही त्याच वाटेने रशियातल्या तुवात उतरते. पूर्वेला खोरिदोल सारदागची रांग ओलांडली, की खुव्सगुल सरोवराचे पाणी मात्र बैकल सरोवराच्या दिशेने निघते.

माणसांचे नातेही नदीच्याच बाजूचे. तैगात, म्हणजे उत्तरेकडच्या थंड सूचिपर्णी रानात, रेनडियर पाळणारे दुखा लोक तुवाशी जवळची तुर्की भाषा बोलतात. चीनच्या चिंग साम्राज्यात तुवा आणि मंगोलिया या दोन्ही बाजूंवर एकाच बादशहाची सत्ता असल्याने कळपांना फारशी आडकाठी नव्हती. साम्राज्य 1911-12 मध्ये कोसळले, 1921 मध्ये तुवा वेगळे राज्य झाले आणि 1944 मध्ये सोव्हिएत संघात गेले. कुरणांच्या मधोमध आंतरराष्ट्रीय सीमा आली. सक्तीची सैन्यभरती आणि कळपांचे सामूहिकीकरण टाळण्यासाठी अनेक कुटुंबे मंगोलियाच्या बाजूला आली. त्यांना परत धाडले गेले, ती पुन्हा आली. नागरिकत्व मिळायला 1950 च्या दशकाचा मध्य उजाडला. आपल्याच रानात परके ठरण्याचा हा काळ या भूगोलातला सर्वांत कठोर भाग आहे, असे मला वाटते.

समाजवादी राजवटीत रेनडियर सरकारी मालकीचे झाले. अनेक कुटुंबांना त्सागाननूर तळ्याकाठी बसवून सरकारी मासेमारीत कामाला लावले गेले. शेजारच्या रेन्चिनल्हुम्बे सुमापासून तोडून वेगळा सुम झाला तो 1985 मध्ये. म्हणजे नकाशावरचे हे नाव जेमतेम चार दशकांचे. 1990 नंतर पगार थांबले, रेनडियर पुन्हा खासगी झाले आणि कळप घटत गेले. टेंगिस-शिश्गेद राष्ट्रीय उद्यान झाल्यावर शिकारीवरही बंदी आली. दुखांची वस्ती आजही पूर्व आणि पश्चिम अशा दोन तैगांत विभागलेली आहे. शाळा, दवाखाना आणि कचेरी मात्र खाली तळ्याकाठच्या गावात.