उडी मारणाऱ्या कोळ्यांचे कुल कसे ठरत गेले

काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा एक छोटा कोळी भिंतीवर चालता चालता थांबतो, अंगासकट वळतो आणि समोरच्या दोन मोठ्या डोळ्यांनी सरळ आपल्याकडे बघतो. तो साल्टिसिडी, म्हणजे उडी मारणाऱ्या कोळ्यांच्या कुलातला आहे हे ओळखायला एवढे पुरते. पण त्या कुलातला नेमका कोण, हे ठरवण्याची खटपट अडीचशेहून अधिक वर्षे चालली आहे.

प्राण्यांची शास्त्रीय नावे स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसच्या १७५८ सालच्या ग्रंथापासून ग्राह्य धरतात. कोळ्यांना मात्र सवलत आहे. स्वीडनच्या कार्ल क्लेर्कने १७५७ मध्येच तिथल्या कोळ्यांना दोन शब्दी नावे दिली होती, आणि ती आजही मानली जातात. हा पट्टेदार कोळी त्यातलाच. आता त्याला साल्टिकस सिनिकस म्हणतात. साल्टिकस ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, फ्रान्सच्या लात्रेयने १८०४ मध्ये वेगळी काढली. पुढच्याच वर्षी वाल्कनारने अशाच कोळ्यांसाठी ‘ॲटस’ हे नाव मांडले. त्यामुळे हे कुल कित्येक दशके काही ग्रंथांत साल्टिसिडी आणि काहींत ॲटिडी म्हणून वावरले.

जगभरच्या उष्ण प्रदेशांत घरांच्या भिंतींवर दिसणारे प्लेक्सिपस पायकुली आणि हासारियस ॲडनसोनी यांची कहाणी मला फार हळवी वाटते. नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेबरोबर गेलेल्या साव्हिन्यीने तिथल्या कोळ्यांची अत्यंत बारकाईने चित्रे तयार केली. पुढे डोळ्यांच्या आजाराने त्याचे काम थांबले. चित्रांखालची माहिती १८२६ मध्ये ओदुआँने लिहिली, म्हणून नाव देणारा या नात्याने या दोन्ही जातींच्या नावापुढे ओदुआँ लागतो. ज्याने त्या पाहिल्या, त्याचे नाव तिथे नाही. प्लेक्सिपस पायकुली माणसाच्या मालासोबत सगळीकडे पसरत गेला, आणि ठिकठिकाणच्या अभ्यासकांनी त्याला नवा समजून पुन्हापुन्हा नावे दिली. नर-मादी रंगाने अगदी वेगळे असल्याने या कुलात हा घोळ सहज होतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्सचा कोळी-अभ्यासक यूजेन सिमोंने सगळ्या कुलाला शिस्त लावली ती दातांवरून. जबड्याच्या मागच्या कडेला एकच टोकाचा दात, एकच पण फाटलेला दात, की अनेक सुटे दात, असे तीन गट. पद्धत सोपी होती, म्हणून ती खूप टिकली. पण दात खाण्याशी जोडलेला अवयव. लांबच्या नात्यातल्या कोळ्यांतही तो सारखा घडू शकतो.

जात ठरवायला खरे उपयोगी पडतात ते जननावयव. नराच्या तोंडाजवळच्या दोन आखूड पायांसारख्या अवयवांच्या टोकाला फुगीर कंद असतो, आणि त्यातून निघणारी बारीक नळी कुठे, किती वळते यावरून जात कळते. मादीच्या पोटाखालची टणक पट्टी कापून लवंगेच्या तेलात ठेवली की पारदर्शक होते आणि आतल्या नळ्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागतात. शेवटची कात टाकण्याआधी यातले काहीच पूर्ण झालेले नसते. म्हणून पिल्लाच्या नमुन्यावर जातीचे नाव लिहिणे सहसा धाडसच.

मग डीएनए आला. वेन मॅडिसन आणि मार्शल हेडिन या कोळी-अभ्यासकांनी २००३ मध्ये डीएनएवरून या कुलाची वंशावळ मांडली, आणि दातांचे जुने गट विस्कटले. २०१५ मध्ये मॅडिसन यांनी सात उपकुले मांडली. त्यातल्या साल्टिसिनी या एकाच उपकुलात ९० टक्क्यांहून जास्त जाती आहेत. एकेकाळी स्वतंत्र कुल मानलेले लायसोमेनिस उरलेल्या सहांपैकी एकात आले. हे कोळी इतके फिकट असतात की डोक्याच्या आत डोळ्यांच्या नळ्या हलताना बाहेरून दिसतात.

पोलंडचे येजी प्रुशिन्स्की यांना ही मांडणी सोयीची वाटली नाही. जुन्या-नव्या लेखकांची चित्रे त्यांनी आयुष्यभर गोळा केली होती. २०१७ मध्ये त्यांनी डोळ्यांना दिसणाऱ्या लक्षणांवर आधारलेले व्यावहारिक वर्गीकरण प्रसिद्ध केले. मला नाते सांगणारी वंशावळच पाया म्हणून पटते. पण हातात नमुन्याची कुपी घेऊन बसलेल्याला डीएनए दिसत नाही, त्याला चित्रेच लागतात, आणि ती गरजही तितकीच खरी आहे.

या कुलात आज ६,००० हून जास्त जाती आहेत. कोळ्यांचे हे सर्वांत मोठे कुल. जागतिक कोळी सूचीत २०२२ मध्ये ५०,०००वी नोंद झाली तीही यातलीच, दक्षिण अमेरिकेतली गुरियुरियस मिनुआनो. यातल्या कितीतरी जाती अजून फक्त नरावरून किंवा फक्त मादीवरूनच माहीत आहेत.