टसर पतंग (खानदेश)

लेपिडोप्टेरा गणाच्या सॅटर्निइडी कुलातील मोठा रानरेशमी पतंग. सादडा (ऐन), अर्जुनसादडा आणि बोर ही त्याच्या अळीची मुख्य खाद्यझाडे. सातपुड्याच्या पानगळीच्या रानांत, म्हणजे तोरणमाळ-अक्राणीपासून यावल-पालपर्यंतच्या पट्ट्यात, ही झाडे त्याला मिळतात. पंखविस्तार सुमारे १५ ते १८ सेंमी. मादी मोठी, पिवळसर किंवा करडी. नर लहान व तांबूस, शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) पिसासारख्या रुंद. चारही पंखांवर एकेक गोल डोळा असतो. हा डोळा म्हणजे खरे तर खिडकी. तेवढ्या जागी खवले नसतात, त्यामुळे मेलेल्या पतंगाचा पंख छापील कागदावर ठेवला तर डोळ्यातून खालचे अक्षर दिसते.

पावसाळ्यात दिव्याखाली एवढे पाखरू बसले की फोटो बहुधा ‘ॲटलास’ या याच कुलातल्या दुसऱ्या मोठ्या पतंगाचा म्हणून फिरतो. ॲटलासच्या पंखांवरील खिडक्या त्रिकोणी असतात आणि पुढच्या पंखाचे टोक सापाच्या फडीसारखे वळलेले असते. (दक्षिण भारतातील ॲटलासही टॅप्रोबॅनिस या वेगळ्या जातीत धरावा, असे एक मत आहे.) फिकट हिरवा, लांब शेपटीचा चंद्रपतंग ओळखताना मात्र सहसा चूक होत नाही.

नावाचा वाद : शास्त्रीय नावाबद्दल अजून एकवाक्यता नाही. लिनीअसने १७५८ मध्ये फॅलीना पॅफिया हे नाव दिले. ड्रू ड्र्यूरी या इंग्रज संग्राहकाने १७७३ मध्ये मायलिटा हे नाव दिले. पुढे दोन्ही नावे अँथेरिया प्रजातीत गेली. विल्यम रॉक्सबर्गने बंगालच्या टसर किड्यावरील १८०४ च्या निबंधात पॅफिया हेच नाव वापरले आणि हँपसननेही ब्रिटिश इंडियाच्या पतंगांवरील १८९२ च्या खंडात तेच ठेवले. रेशीमशास्त्रात मात्र मायलिटा इतके रुळले आहे की डाबा, रैली, भंडारा वगैरे स्थानिक वाण त्याच नावाखाली नोंदवले जातात. लिनीअसचे वर्णन अवघ्या काही ओळींचे. अँथेरियातील जवळजवळच्या जाती तेवढ्यावरून वेगळ्या काढणे अवघड, ही मायलिटाच्या बाजूची जमेची गोष्ट. तरी दोन्ही नावे एकाच जातीची मानली तर ज्येष्ठतेच्या नियमाने (आधी दिलेले नाव ग्राह्य) पॅफियाकडेच झुकावे लागते. गंमत अशी की पॅफिया म्हणजे सायप्रसमधील पॅफोसची ॲफ्रोडायटी, आणि ॲसिरियन लोक ॲफ्रोडायटीला मायलिटा म्हणतात असे हेरॉडोटस सांगतो. देवी एकच, तंटा आहे तो पहिला नैवेद्य कोणी दाखवला याचा.

‘टसर’ हा शब्द संस्कृत ‘तसर’वरून आला असे सामान्यतः मानतात. तसर म्हणजे विणकराचा धोटा. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात (१०.१३०) सृष्टीच्या यज्ञाला विणकामाची उपमा देताना हा शब्द येतो, पण तिथे रेशमाचा संबंध नाही. कोसल्याचा आकार धोट्यासारखा म्हणून नाव पडले, ही उपपत्ती पटण्यासारखी आहे. विदर्भातील ‘कोसा’ मात्र सरळ ‘कोश’वरून आलेला दिसतो. कौटिलीय अर्थशास्त्रातील ‘पत्रोर्णा’ (झाडांवरून मिळणारा तंतू) म्हणजे टसरच, असेही काहींनी सुचवले आहे. तिथे सांगितलेली झाडे नागवृक्ष, लकुच, बकुल आणि वट ही आहेत. ऐन त्यांत नाही. तेव्हा हे समीकरण जपूनच मांडलेले बरे.

प्राचीनत्व : हडप्पा व चन्हुदडो येथील धाग्यांत रानरेशीम ओळखले गेले असून (२००९ मध्ये प्रसिद्ध), त्यांचा काळ अंदाजे इ. स. पू. २४५० ते २००० धरतात. महाराष्ट्रात नेवासे येथील ताम्रपाषाणयुगीन दफनातील मण्यांच्या दोऱ्यात रेशमाचे तंतू आढळल्याची नोंद आहे. त्याच संस्कृतीची स्थळे खानदेशात तापीकाठी प्रकाशे व गिरणाकाठी बहाळ येथे आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मेजर कूसमेकर यांनी पुणे भागात टसर पाळण्याचे प्रयोग केले.

जीवनक्रम : हिरवी अळी चार वेळा कात टाकते आणि पाचव्या अवस्थेनंतर कोसला विणते. कोसला टणक, अंडाकृती. त्याचा देठ वर जाऊन डहाळीभोवती कड्यासारखा घट्ट आवळलेला असतो. त्यामुळे सादड्याची पाने झडली तरी तो खाली पडत नाही, आणि उन्हाळ्यात उघड्या फांदीवर नजरेत भरतो. हलवून पाहिला तर जिवंत कोसला हाताला जड लागतो. आतला जीव वाळलेला असेल तर हलका खुळखुळतो. पावसाची चाहूल लागली की पाखरू देठाकडचे टोक स्वतःच्या स्रावाने भिजवते आणि तंतू बाजूला सारून बाहेर येते. त्याला कामाचे तोंड नसते. ते काही खात नाही आणि आठवड्याभरात मरते. मादी जागची फारशी हलत नाही, रात्री नर तिला शोधत येतो. भोक पडलेल्या कोसल्यातून सलग धागा उलगडत नाही, तो कातावा लागतो. म्हणून सलग धागा हवा असेल तर पाखरू निघण्याआधीच कोसले उकळतात.