रिफ्यूजनिक

सोव्हिएत संघ सोडून जाण्यासाठी अर्ज केलेले, पण परवानगी नाकारल्यामुळे तिथेच अडकून पडलेले नागरिक. यांत बहुसंख्य ज्यू होते. रशियनमध्ये त्यांना ‘ओत्काझनिक’ म्हणत. 1967 च्या अरब-इस्रायल युद्धानंतर मॉस्कोने इस्रायलशी राजनैतिक संबंध तोडले, तेव्हापासून 1980 च्या दशकाच्या अखेरीपर्यंत हा प्रश्न चिघळत राहिला. स्टालिनच्या काळात, 12 ऑगस्ट 1952 रोजी, ज्यू फॅसिस्टविरोधी समितीच्या (दुसऱ्या महायुद्धातील सोव्हिएत ज्यू लेखक-कलावंतांची संघटना) खटल्यातील 13 जणांना मॉस्कोत गोळ्या घालण्यात आल्या होत्या. पुढे सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह यांच्या काळात असा रक्तपात झाला नाही, मात्र दाखले, शिक्के आणि नोकरीचे कागद यांच्या आधारे माणसाला पुरते जखडून टाकता येते, हे त्या राजवटीने दाखवून दिले.

नियंत्रणाचा पाया 1932 सालच्या अंतर्गत पासपोर्टात होता. त्यातील ‘पाचव्या रकान्यात’ राष्ट्रीयत्व लिहिले जाई आणि ज्यू हे धर्माने नव्हे, राष्ट्रीयत्वाने ज्यू ठरत. आईवडील दोघेही ज्यू असतील तर सोळाव्या वर्षी पासपोर्ट घेताना दुसरे काही लिहून घेण्याची मुभा नसे. म्हणजे सिनेगॉगचे (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाचे) तोंडही न पाहिलेला, हिब्रूचे अक्षर न येणारा माणूस कागदोपत्री कायम ज्यूच राही. कॉलेजप्रवेश आणि नोकरी या दोन्ही ठिकाणी हा रकाना आधी पाहिला जाई. 1970 च्या दशकात मॉस्को विद्यापीठाच्या गणित विभागात ज्यू उमेदवारांना तोंडी परीक्षेत मुद्दाम वेगळी, अतिकठीण उदाहरणे घालत. अशा उदाहरणांना विद्यार्थ्यांनी ‘शवपेट्या’ असे नाव दिले होते.

अर्जाची प्रक्रिया माणसाला उघडे पाडण्यासाठीच रचलेली होती. प्रथम इस्रायलमधील नातेवाइकाचे नोटरी केलेले निमंत्रण, म्हणजे ‘विझोव’, लागे. ते टपालाने येई आणि पुष्कळदा वाटेतच गायब होई. मग कामाच्या ठिकाणचे प्रशस्तिपत्र. त्यावर व्यवस्थापक, कम्युनिस्ट पक्षाचा चिटणीस आणि कामगार संघटनेचा प्रमुख अशा तिघांच्या सह्या लागत. त्यासाठी बैठक बोलावून अर्जदाराला सहकाऱ्यांसमोर देशद्रोही ठरवण्यात येई. अनेकांची नोकरी याच टप्प्यावर जाई. अर्जदार पन्नाशीचा असला तरी आईवडिलांची लेखी संमती लागे, घटस्फोट झालेला असल्यास पूर्वीच्या जोडीदाराचीही. पक्षात असलेला बाप सही द्यायला घाबरे, कारण त्या सहीमुळे त्याचेही स्थान धोक्यात येई. एका अर्जापायी असे सारे घर कात्रीत सापडे.

सर्व कागद गृहखात्याच्या ‘ओव्हीर’ या कार्यालयात जात. नकार बहुधा तोंडीच मिळे. लेखी काही हाती नसल्याने दाद कशाविरुद्ध मागायची, हाच प्रश्न असे. सर्वांत जास्त वापरलेले कारण ‘गोपनीयता’. कोणाला कोणते गुपित ठाऊक आहे आणि ते किती वर्षांनी जुने होते, हे सांगितले जात नसे. विद्यार्थ्याने अर्ज केला की त्याला कॉलेजातून काढत. कॉलेज सुटल्याने तो सक्तीच्या लष्करी सेवेस पात्र ठरे आणि सेवा संपल्यावर ‘लष्करी गुपिते ठाऊक आहेत’ म्हणून पुन्हा नकार येई. परवानगी मिळालीच, तर नागरिकत्व सोडण्याचे 500 रुबल आणि देश सोडण्याच्या परवान्याचे 400 (पुढे 300) रुबल भरावे लागत. तेव्हा सरासरी मासिक पगार दीडशे रुबलांच्या आतबाहेर होता. ऑगस्ट 1972 मध्ये यावर ‘पदवी कर’, म्हणजे उच्चशिक्षण घेतलेल्यांकडून वसूल करायचा शिक्षणखर्च, आला. मॉस्को विद्यापीठाच्या पदवीधराला तो सुमारे 12,000 रुबल पडे. अमेरिकेतून व्यापारी सवलती रोखण्याचा दबाव आल्यावर 1973 च्या वसंतात त्याची अंमलबजावणी थांबली.

नकारानंतरचे जगणे अधिक कठीण असे. अभियंते आणि शास्त्रज्ञ बॉयलरवर, लिफ्टवर किंवा रात्रपाळीच्या पहाऱ्यावर लागत, कारण बेकारी हा ‘परजीवीपणा’चा गुन्हा होता. योसिफ बेगून या रिफ्यूजनिकाचे प्रकरण यासाठी पाहण्यासारखे आहे. नोकरी गेल्यावर ते हिब्रूच्या शिकवण्या घेत. सरकारने ते कामच मानले नाही आणि 1977 मध्ये परजीवी ठरवून त्यांना दोन वर्षांसाठी अतिपूर्वेकडील कोलिमा या दुर्गम थंड प्रदेशाच्या बाजूला हद्दपार केले. परतल्यावर मॉस्कोत राहण्याची नोंदणी नाकारली आणि 1978 मध्ये नोंदणीविना राहिल्याबद्दल पुन्हा तीन वर्षे हद्दपारी दिली. 1983 मध्ये ‘सोव्हिएतविरोधी प्रचारा’खाली सात वर्षे श्रमछावणी व पाच वर्षे हद्दपारी झाली. प्रत्येक गुन्हा आधीच्या सरकारी निर्णयातूनच निपजलेला होता. अनातोली श्चारान्स्की या दुसऱ्या रिफ्यूजनिकावर तर हेरगिरीचा आरोप ठेवून 1978 मध्ये 13 वर्षांची शिक्षा दिली. 1986 मध्ये बर्लिनजवळच्या ग्लीनिके पुलावर त्यांची सुटका झाली.

दार कितपत उघडायचे, हे परराष्ट्र धोरणावर ठरे. 1979 मध्ये 51,000 हून अधिक ज्यू बाहेर पडले. अफगाणिस्तानातील युद्धानंतर अमेरिकेशी संबंध बिघडले आणि 1986 मध्ये हा आकडा हजाराच्याही खाली आला. त्याच सुमारास, 1983 मध्ये, जनरल दाविद द्रागुन्स्की या ज्यू सेनाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली ‘झायोनिस्टविरोधी समिती’ (झायोनिस्ट म्हणजे ज्यूंच्या स्वतंत्र राष्ट्राचे पुरस्कर्ते) स्थापून, ज्यांना जायचे होते ते बहुतेक गेलेच आहेत, असे जगाला सांगण्यात आले. प्रत्यक्षात हजारो अर्ज पडून होते. गोर्बाचेव्हच्या काळात, 1987 पासून, जुन्या रिफ्यूजनिकांना सोडण्यास सुरुवात झाली. बेगून त्याच वर्षी सुटले. 1990 या एका वर्षात 1 लाख 80 हजारांहून अधिक लोक सोव्हिएत संघातून इस्रायलला पोहोचले.