संवादी कथा समुदाय : सक्रिय सहभाग

संवादी कथा म्हणजे वाचकाने काही केल्याशिवाय पुढे न सरकणारी, संगणकावर किंवा मोबाइलवर वाचायची कथा. पार्सर कथेत वाचक ‘दार उघड’, ‘कंदील घे’ अशा आज्ञा टाइप करतो. पर्यायकथेत समोर आलेल्या दुव्यांपैकी एक निवडतो. या कथा लिहिणारे, तपासणारे, खेळणारे आणि त्यांवर समीक्षा करणारे लोक इंटरनेटवर एकत्र येतात. समुदायात सक्रिय असणे म्हणजे कथा लिहिणे, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात सर्वांत जास्त गरज असते ती चाचणी करणाऱ्यांची. मराठीत हे काम आणखी मोलाचे ठरते, कारण बहुतेक साधने इंग्रजी वाक्यरचना धरून बनलेली आहेत आणि ती कुठे अडतात हे मराठी वाचकच सांगू शकतो.

विल क्रॉउदर यांनी १९७५–७६ च्या सुमारास अमेरिकेतील केंटकीमधल्या गुहेवर पहिली अशी कथा रचली. ती गुहा त्यांनी स्वतः पायी फिरून, मोजून पाहिली होती. १९७७ मध्ये डॉन वूड्स यांनी ती वाढवली. १९७९ मध्ये स्थापन झालेल्या इन्फोकॉम कंपनीने या प्रकारावर व्यवसाय उभारला, तो १९८९ मध्ये संपला. पुढचे सारे हौशी मंडळींनी सांभाळले. १९९२ मध्ये कथांचे संग्रहालय उभे राहिले, १९९३ मध्ये पार्सर कथा लिहिण्यासाठीची ग्रॅहम नेल्सन यांची भाषा इन्फॉर्म आली, १९९५ मध्ये वार्षिक स्पर्धा सुरू झाली आणि २००७ मध्ये नोंदींचा माहितीकोश. ख्रिस क्लिमस यांच्या ट्वाइन या पर्यायकथा लिहिण्याच्या साधनाने २००९ पासून प्रोग्रामिंग न येणाऱ्यांनाही लिहिते केले. २०१६ मध्ये स्थापन झालेली एक ना-नफा संस्था आता यांतल्या बऱ्याच गोष्टींची देखभाल करते.

मराठवाड्यातल्या लेखकाला पायाखालची जागा शोधायला केंटकीला जावे लागत नाही. देवगिरी किल्ल्यातली अंधारी, पाणचक्कीला जमिनीखालून पाणी आणणारी नहर, वेरूळची क्रमांक दिलेली ३४ लेणी, आणि गावोगावच्या पडक्या गढ्या इथेच आहेत. माळवदाची गढी तर या प्रकारासाठी फारच सोयीची. देवडी, चौक, ओसरी, माजघर, बळद, पेव (धान्य साठवायची जमिनीखालची जागा) असे तिचे भाग सुटे आणि नावाचे असतात. एकातून दुसऱ्यात जायची वाट ठरलेली असते आणि काही जागा मुद्दाम लपवलेल्या असतात. नकाशा काढताना आठ-दहा खोल्यांवर थांबावे. पहिल्याच कथेत पंचवीस खोल्या घेतल्या की निम्म्या रिकाम्या राहतात, आणि रिकाम्या खोलीत वाचक पाच मिनिटे उगीच शोधत बसतो.

चाचणी कशी करावी

चाचणीचा कणा म्हणजे नोंदवही, म्हणजेच वाचकाने टाकलेली प्रत्येक आज्ञा आणि कथेने दिलेले प्रत्येक उत्तर साठवणारी फाइल. पार्सर कथेत ती सुरू करायची आज्ञा असते आणि ती पहिल्याच ओळीला द्यावी. अर्ध्यात सुरू केलेल्या नोंदवहीवरून चूक कोणत्या क्रमाने घडली ते कळत नाही. शेरा लिहायचा तर ओळीच्या सुरुवातीला ताराचिन्ह टाकतात, म्हणजे लेखकाला नुसते ताराचिन्ह शोधून सगळे शेरे सापडतात. गढीतल्या धान्याच्या पेवाजवळची नोंदवही अशी दिसते :

> चऱ्हाट पेवात सोड
हा शब्द कळला नाही.
> * वर्णनात ‘चऱ्हाट’ आहे, पण कथेला फक्त ‘दोर’ कळतो.
> दोर पेवात सोड
दोर खाली सुटतो. तळ लागत नाही.
> कंदील दोराला बांध
हे कसे करायचे ते समजले नाही.
> * पेवात उतरण्याआधी दिवा सोडून हवा बघतात. ‘दिवा सोड’, ‘कंदील बांध’, ‘कंदील खाली सोड’ हे सगळे चालायला हवे.

दुसरा शेरा पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे. बंद पेवात धान्याच्या श्वसनाने प्राणवायू कमी होऊन कार्बन डायऑक्साइड साचतो, म्हणून आधी दिवा सोडून पाहण्याची पद्धत होती. दिवा विझला तर आत उतरायचे नाही. हे ज्याला ठाऊक आहे तो वाचक कोड्याचे उत्तर पहिल्याच फटक्यात देतो, आणि कथा त्याला ‘समजले नाही’ म्हणते. बरोबर विचार करणाऱ्याला अडवणे हा पार्सर कथेतला सर्वांत मोठा दोष. लेखकाला तो स्वतःला दिसत नाही, कारण कोणता शब्द चालतो हे त्याला आधीच माहीत असते.

चाचणी दोन-तीन फेऱ्यांत घ्यावी. पहिल्या फेरीत दोघे, दुरुस्तीनंतर दुसरे दोघे, आणि शेवटी हा प्रकार कधीच न खेळलेला एक जण. सहा जणांना एकदम फाइल दिली तर सहाही जण त्याच चार चुका कळवतात आणि दुरुस्त प्रत पाहायला कोरा डोळा उरत नाही. एकदा कोडे सुटलेला माणूस पुन्हा अडत नाही, म्हणून नवा वाचक जपून वापरावा. शक्य असेल तर एक जण नांदेड-लातूरकडचा आणि एक पुणे-मुंबईकडचा घ्यावा. ‘काय करायलास?’ असे विचारणारे पात्र एकाला घरचे वाटते, तर दुसरा त्याला छपाईची चूक म्हणून कळवतो, आणि लेखकाला दोन्ही माहीत असलेले बरे.

चाचणी करणाऱ्याने प्रतीचा क्रमांक, मोबाइल की संगणक आणि कोणता ब्राउझर, हे वरच लिहावे. वाट चुकलेल्यासारखे वागावे : तीच वस्तू दोनदा घ्यावी, नसलेली वस्तू ठेवावी, दारातून उलट जावे, वर्णनात आलेले प्रत्येक नाम तपासावे. लेखकाची वाक्ये मात्र आपल्या शैलीत लिहून देऊ नयेत. कुठे अडखळलो तेवढे सांगावे. ज्या कथेची चाचणी केली तिला स्पर्धेत गुण देऊ नयेत. लेखकाने श्रेयनामावलीत चाचणी करणाऱ्यांची नावे द्यावीत, आणि ती न देणे वाईट समजले जाते.

कथा वाचकाला किती कडक वागवते हे सांगण्यासाठी अँड्र्यू प्लॉटकिन यांची पाच पायऱ्यांची मोजपट्टी समुदायात रुळली आहे : दयाळू, सभ्य, कठीण, दुष्ट, क्रूर. पेवाच्याच उदाहरणाने ती समजते. दिवा सोडून पाहिल्याशिवाय कथा उतरूच देत नसेल तर ती दयाळू. उतरल्यावर जीव गुदमरून कथा तिथेच स्पष्टपणे संपते आणि एक पाऊल मागे घेता येते, ती सभ्य. ‘एकदा उतरलास की एकट्याला वर येता येणार नाही’ असे आधी बजावणारी कठीण. दोर निसटल्यावरच आपण अडकलो हे कळते, ती दुष्ट. आणि पेटीतली शेवटची काडी वाचकाने ओसरीवर चूल पेटवायला वापरली, तेव्हा कथा काही बोलली नाही, आणि चाळीस आज्ञांनंतर पेवापाशी दिवा लावायला काडीच उरली नाही, तर ती क्रूर. नवोदिताने दयाळू किंवा सभ्य यांच्यापलीकडे जाऊ नये. कडकपणा कोणता ते परिचयातच लिहिले तर वाचकाची तक्रार राहत नाही.

मराठीत काय अडते

इंग्रजी आज्ञेत क्रियापद पहिले येते, मराठीत शेवटी. इन्फॉर्मचे मूळ ग्रंथालय, म्हणजे त्यासोबत येणारा तयार कोडचा संच, पहिला शब्द क्रियापद धरते, म्हणून ‘दिवा घे’ वाचण्याआधी शेवटचा शब्द उचलून पुढे आणावा लागतो. इन्फॉर्म ६ मध्ये वाक्याचा अर्थ लावण्याआधी असा बदल करण्याची सोय आहे. त्यानंतर येते सामान्यरूप. ‘विहीर’ची ‘विहिरीत’ होते आणि ‘कंदील’चे ‘कंदिलाला’, तेव्हा प्रत्येक नामाची दोन्ही रूपे नोंदवावीत आणि ‘त’, ‘तून’, ‘वर’, ‘ला’, ‘ने’ हे प्रत्यय वेगळे काढावेत. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे आधी प्रत्यय तोडणे. मग ‘भिंत’चा ‘त’ आणि ‘किल्ला’चा ‘ला’ही प्रत्यय समजून कापला जातो आणि वस्तू नाहीशी होते. आधी अख्खा शब्द कोशात शोधावा, नाही सापडला तरच प्रत्ययाला हात लावावा.

इन्फॉर्मच्या कथा ज्यावर चालतात त्या झेड-मशीन या आभासी यंत्राच्या पाचव्या आवृत्तीत कोशातला शब्द नऊ घरांपुरता ओळखला जातो आणि नेहमीच्या तक्त्याबाहेरचे अक्षर चार घरे खाते. म्हणजे देवनागरीचे जेमतेम दोन वर्ण उरतात, आणि ‘विहीर’ व ‘विळा’ एकच ठरतात. वर्णतक्ता बदलून थोडी जागा मिळते, पण मराठीसाठी ग्लल्क्स हे दुसरे यंत्र निवडणे शहाणपणाचे.

‘चऱ्हाट’सारखा शब्द न ओळखला जाण्याचे आणखी एक कारण असते. यातला ‘ऱ्ह’ युनिकोडमध्ये दोन पद्धतींनी टाइप होतो : खास ‘ऱ’ वापरून, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून. दिसायला दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. ‘ॲ’ आणि ‘अॅ’ यांचेही तसेच. वाचकाकडून उत्तर टाइप करून घ्यायचे असेल तर दोन्ही रूपे एकाच रूपात आणावीत, ‘विहीर’ आणि ‘विहिर’ दोन्ही स्वीकारावीत, आणि शेवटची मोकळी जागा काढून टाकावी. मोबाइलचा कीबोर्ड सुचवलेल्या शब्दानंतर ती आपोआप घालतो.

मजकुराच्या बाजूने सर्वांत अवघड प्रश्न वाचकाच्या लिंगाचा. ‘तू आत गेलास’ की ‘गेलीस’? सुरुवातीला विचारून घेता येते, पण मग शेकडो वाक्यांना दोन रूपे द्यावी लागतात आणि एखादे राहतेच. ‘तुम्ही आत गेलात’ हे दोघांना चालते, पण त्यात जवळीक कमी. सकर्मक भूतकाळाचा उपयोग कमी लोक करतात, आणि तो करायलाच हवा : ‘तू दार उघडलंस’मध्ये क्रियापद दाराबरोबर चालते, वाचकाबरोबर नाही. ‘तू चौकात आलास’च्या जागी ‘तू चौक गाठलास’ केले की लिंगाचा प्रश्नच उरत नाही. अनुभवी लेखक अशी वाक्ये इतक्या सहज रचतात की वाचकाच्या लक्षातही येत नाही.

पर्यायकथा आणि फाइलची काळजी

नव्या माणसाने ट्वाइनपासून सुरुवात करावी. दुहेरी चौकटी कंसात [[पेवाकडे जा->पेव]] असे लिहिले की दुवा तयार होतो. परिच्छेदांची नावे मराठीत चालतात, पण ट्वाइनच्या शुगरक्यूब या कथा-प्रकारात चलांची नावे रोमन अक्षरांतच द्यावी लागतात. सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे परत त्याच परिच्छेदात आल्यावर वस्तू दुसऱ्यांदा मिळणे. ‘आधी घेतली का’ याची अट लावली की ती जाते. अक्षरे एकेक करून उमटवण्याची हौस देवनागरीत टाळावी. जोडाक्षरे मधेच फुटतात आणि मात्रा ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकतात. अक्षरांतले अंतर वाढवले तर शिरोरेषा तुटते. ओळींतले अंतर अक्षराच्या दीडपटीपेक्षा थोडे जास्त ठेवावे.

ब्राउझरमधले ट्वाइन कथा त्या ब्राउझरच्याच साठ्यात ठेवते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतला संगणक रात्री मूळ स्थितीला आणला जात असेल, किंवा कोणी ब्राउझरमधला साइट-डेटा पुसला, तर महिन्याचे काम जाते. रोज उठताना संग्रह-फाइल काढून पेन ड्राइव्हवर किंवा मेलवर ठेवावी. तयार कथा एकाच एचटीएमएल फाइलमध्ये मिळते, पण ती व्हॉट्सॲपवर पाठवली तर काही मोबाइलवर साध्या दर्शकात उघडते आणि दुवे चालत नाहीत. क्रोममध्ये उघडायला सांगावे, किंवा इच डॉट आयओ या संकेतस्थळावर चढवून दुवा पाठवावा.

स्पर्धांचे वेळापत्रक

१९९५ पासूनच्या वार्षिक स्पर्धेच्या कथा १ सप्टेंबरच्या सुमारास खुल्या होतात आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत गुण देता येतात. गुण १ ते १० असतात. किमान पाच कथांना ते द्यावे लागतात, आणि प्रत्येक कथेचे पहिल्या दोन तासांतले वाचनच धरायचे असते. त्यामुळे दोन तासांत न संपणाऱ्या कथेने आपली ताकद शेवटासाठी राखून ठेवू नये. मराठवाड्यात यांतले शेवटचे दिवस सोयाबीनच्या काढणीचे. साठ कथांचा संकल्प सोडून रात्री एकेक अशा आठ-दहा कथा नीट वाचाव्यात आणि प्रत्येकीवर दहा-बारा ओळी लिहाव्यात : कुठपर्यंत पोहोचलो, कुठे अडलो, इशारा वापरला का, कोणते वाक्य लक्षात राहिले. कोड्याचे उत्तर उघड होत असेल तर तो भाग झाकावा.

हॅलोविनच्या सुमारास भरणाऱ्या एक्टोकॉम्प या स्पर्धेत चार तासांत लिहिलेल्या कथांचा वेगळा विभाग असतो. पहिली कथा लिहिण्यासाठी तो उत्तम, कारण तिथे ओबडधोबडपणा गृहीतच धरलेला असतो.

मुदत बहुधा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार असते. ऑगस्टअखेरीची रात्री ११:५९ ची मुदत भारतात दुसऱ्या दिवशी सकाळी ९:२९ ला संपते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळे मागे जातात, म्हणून त्यानंतरची तशीच मुदत १०:२९ ला संपते. वीज जाण्याचा भरवसा नसलेल्या गावातून फाइल चढवायची असेल तर आदल्या रात्रीच चढवावी, दुरुस्त प्रत नंतर त्याच जागी टाकता येते. कथेसोबत साध्या मजकुराची एक फाइल जोडावी : कथेचे नाव, प्रतीचा क्रमांक, कोणत्या साधनात लिहिली, अडल्यास इशारे कुठे, चाचणी कोणी केली. शक्य असल्यास मूळ स्रोतही द्यावा, म्हणजे पुढच्या मराठी लेखकाला ‘भिंत’चा ‘त’ नव्याने वाचवावा लागणार नाही.