हंगामी भाडेकरार (महाबळेश्वर-पाचगणी परिसर)

हंगामी भाडेकरार : सुट्टीपुरता किंवा वर्षातील ठरावीक महिन्यांसाठी बंगला, घर अथवा त्यातील खोल्या राहायला देताना मालक व राहणारा यांच्यात होणारा करार. सातारा जिल्ह्यात असे व्यवहार मुख्यतः महाबळेश्वर, पाचगणी, तापोळा-बामणोली आणि कासच्या वाटेवरील गावांत होतात. दिवाळी, नाताळ आणि मे महिना हे महाबळेश्वरचे गर्दीचे दिवस. कासला लोक येतात ते फुलांसाठी, म्हणजे साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर.

दोन रात्रींसाठी आलेला पाहुणा आणि ऑक्टोबर ते मे बंगला घेणारे कुटुंब यांना कायदा एकाच मापाने मोजत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मधील ‘लायसन्सी’च्या (मोबदला देऊन, परवानगीने जागा वापरणाऱ्याच्या) व्याख्येतून हॉटेल, लॉज, गेस्ट हाउस येथे उतरणारे आणि पेइंग गेस्ट वगळलेले आहेत. त्यामुळे पाहुण्याच्या बाबतीत बुकिंगची पावती आणि सही केलेली नियमावली एवढ्यावर भागते. हंगामभर घर द्यायचे असेल तर मात्र लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी जागा वापरू देण्याचा, दस्त करावा लागतो. कलम ५५ नुसार तो लेखी व नोंदणीकृत हवा आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. मालकाला खरा फटका बसतो तो वेगळाच : नोंदणीकृत कागद नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. ‘ओळखीतलेच आहेत, कागद कशाला’ म्हणणाऱ्यांनी हे कलम एकदा वाचावे.

करारात मुदतीची तारीख सर्वांत महत्त्वाची. बोलताना ‘पाऊस लागेपर्यंत’ म्हणतात, पण कागदावर ते चालत नाही. ‘३१ मे, सकाळी ११’ असेच लिहावे. कारण मुदत संपल्यावरही जागा न सोडणाऱ्या लायसन्सीकडून कलम २४ खाली दुप्पट दराने भरपाई मागता येते, आणि ती मोजायची तर सुरुवातीचा दिवस पक्का हवा.

मुद्रांक शुल्काचा बाऊ केला जातो, तेवढे ते नसते. एकूण भाडे आणि परत करायच्या अनामतीवर वार्षिक १० टक्क्यांनी धरलेले व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के शुल्क लागते. समजा ४०,००० रुपये महिना, आठ महिने आणि अनामत एक लाख. तर शुल्क सुमारे ८१७ रुपये येते.

घर नक्की कोणाचे, हे मिळकत पत्रिका किंवा सातबारा पाहून तपासावे. महाबळेश्वरातील बरेच जुने बंगले सरकारी भाडेपट्ट्याच्या जमिनीवर आहेत. पट्टेदाराला पुढे भाड्याने देण्याचा हक्क आहे का, ते करारात नमूद हवे. हा परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. बांधकाम विनापरवाना ठरून बंद झाले तर पैसे किती दिवसांत परत मिळतील, ही अटही घालून घ्यावी.

इसार आणि अनामत या रकमा वेगळ्या दाखवाव्यात. ‘अनामत कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही’ असे छापलेले असते. पण भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारभंगाबद्दल वाजवी भरपाईच मिळते आणि करारात लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा असते. बुकिंग रद्द करण्याचे टप्पे मात्र इथल्या हवामानाला धरून ठरवावेत. महाबळेश्वरात वर्षाला ६,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आंबेनळी किंवा पसरणी घाटात दरड कोसळून वाट बंद झाली तर पैसे परत की तारीख पुढे, हे आधीच ठरलेले बरे. धुक्यामुळे पॉइंटवरून काही दिसले नाही, ही सबब कोणत्याही करारात बसत नाही.

सामानाची यादी जोडावी आणि ताबा घेताना दोघांनी मोबाइलवर चित्रीकरण करावे. ‘दोन गिझर, एक बंद, सोफ्याचे कापड उजवीकडे फाटलेले’ इतकी ती बारीक असावी. माकडांचे कलम बाहेरच्यांना गमतीचे वाटते, पण उघड्या खिडकीतून आत शिरून त्यांनी केलेली नासधूस कोणी भरायची यावरून भांडणे होतात. ‘खिडक्यांना जाळी मालकाने बसवावी, ती राहणाऱ्याने बंद ठेवावी’ एवढे वाक्य पुरते. टँकरचे पाणी, जनरेटरचे डिझेल, स्वयंपाकीण आणि कचरा यांचा खर्च कोणाकडे, हेही लिहावे. परदेशी पाहुणा असल्यास त्याच्या मुक्कामाची माहिती विहित फॉर्ममध्ये (पूर्वीचा ‘फॉर्म सी’) २४ तासांत सरकारला कळवणे हे मालकाचे काम आहे.

मालक बहुधा पुण्या-मुंबईला असतो आणि बंगल्यावर केअरटेकर. त्याला रोख घेण्याचा, ताबा देण्याचा आणि नुकसान ठरवण्याचा अधिकार आहे की नाही, हे करारात नावानिशी लिहावे. नाहीतर त्याच्या हातात दिलेल्या पैशांवरून पुढे वाद होतो.