पाटीवर दहा मिनिटं, थांब्यावर वीस

थांब्यावरच्या पाटीवर लिहिलेलं असतं, ‘दर १० मिनिटांनी’. वीस मिनिटं रस्त्याकडे डोळे लावून बसावं तरी बसचा पत्ता नाही, आणि मग एकाच क्रमांकाच्या दोन बस पाठोपाठ येतात. पहिलीत पाय ठेवायला जागा नसते, दुसरी अर्धी रिकामी. रांगेतले लोक चालकाच्या नावाने बोटं मोडतात. पण दोन्ही चालक अगदी शिस्तीचे असले तरी हे होतंच.

कसं ते आकड्यांत पाहू. समजा दर १० मिनिटांनी बस सुटते, प्रत्येक थांब्यावर मिनिटाला २ माणसं येतात आणि एका माणसाला चढायला ३ सेकंद लागतात. वेळेवर आलेल्या बसला थांब्यावर २० माणसं मिळतात, म्हणजे चढण्यात १ मिनिट जातं. आता एक बस सिग्नलला १ मिनिट अडकली. पुढच्या थांब्यावर तिची वाट पाहणारे २० नाही, २२ झाले. त्या दोघांचे ६ सेकंद जास्त, म्हणजे उशीर ६६ सेकंदांचा. त्यापुढच्या थांब्यावर या ६६ च्याही दहाव्या हिश्शाची भर. हे चक्रवाढ व्याजच झालं. दहा थांब्यांनंतर उशीर अडीच मिनिटांच्या पुढे जातो आणि वीस थांब्यांनंतर साडेसहा मिनिटांच्या.

मागच्या बसचं नेमकं उलट होतं. तिच्या वाट्याचे काही प्रवासी उशिरा आलेल्या बसने आधीच उचललेले असतात, त्यामुळे ती प्रत्येक थांब्यावर लवकर मोकळी होते आणि पुढचीला गाठते. प्रत्यक्षात सगळे थांबे इतके गजबजलेले नसतात, म्हणून वाढ कमी वेगाने होते; पण दिशा तीच. न्यूएल आणि पॉट्स या दोन संशोधकांनी १९६४ मध्ये हे गणित मांडलं. समान अंतराने धावणाऱ्या बस म्हणजे पालथ्या वाडग्यावर ठेवलेली गोटी. जरा धक्का लागला की घरंगळणार, आणि गर्दीच्या शहरात धक्के तर प्रत्येक चौकात.

यात प्रवाशाचं नुकसान वाटतं त्यापेक्षा जास्त होतं. बस बरोबर १० मिनिटांच्या अंतराने आल्या, तर सरासरी ५ मिनिटं थांबावं लागतं. तेवढ्याच बस आळीपाळीने २ आणि १८ मिनिटांच्या अंतराने आल्या, तर सरासरी ८.२ मिनिटं होते. फेऱ्या तितक्याच, इंधन तितकंच, वाट पाहणं मात्र दीडपटीहून जास्त. कारण थांब्यावर येणाऱ्या दहापैकी नऊ माणसं त्या १८ मिनिटांच्या पोकळीतच येतात. बससेवेच्या अहवालात ‘दिवसभरात इतक्या फेऱ्या’ हा आकडा ठळक छापतात. प्रवाशाच्या दृष्टीने दोन बसमधलं अंतर किती सारखं राहिलं, हा आकडा जास्त मोलाचा.

यावर जुना उपाय म्हणजे वेळापत्रकात थोडी सूट ठेवायची आणि ठरावीक थांब्यांवर लवकर आलेली बस रोखून धरायची. रस्ता मोकळा असताना बस उगाच का उभी आहे, म्हणून आतले लोक वैतागतात. तेव्हा बहुधा हेच चाललेलं असतं. बार्थोल्डी आणि आयझेनस्टाइन या संशोधकांनी २०१२ मध्ये वेगळी रीत सुचवली. वेळापत्रक बाजूला ठेवायचं आणि ठरलेल्या ठिकाणी प्रत्येक बसने मागच्या बसच्या अंतराच्या प्रमाणात थांबायचं. मागची लांब असेल तर जास्त, जवळ असेल तर कमी. अटलांटातल्या जॉर्जिया टेक या विद्यापीठाच्या आवारातल्या मार्गावर त्यांनी ती चालवून पाहिली. अंतरं आपोआप सारखी होत जातात, ही त्यातली गंमत.

दुसरा उपाय दारापाशी आहे. वरच्या हिशेबात ३ सेकंदांचा दीड सेकंद झाला, तर उशिराचं व्याज दहा टक्क्यांवरून पाचवर येतं. ब्राझीलच्या कुरितिबा शहराने १९९१ पासून नळीसारखी स्थानकं उभारली. तिकीट स्थानकात शिरतानाच घ्यायचं, फलाट बसच्या आतल्या जमिनीइतका उंच, त्यामुळे पैसे मोजणंही नाही आणि पायऱ्या चढणंही नाही. सॅन फ्रान्सिस्कोने २०१२ मध्ये सगळ्या दारांतून चढायला परवानगी दिली. लंडनने २०१४ पासून बसमध्ये रोख पैसे घेणं बंद केलं. तिन्हींत वाचवायचे ते सेकंदच.

आता शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचं आहे, तर या गणिताचा उपयोग काय? थेट बसचा हट्ट सोडायचा. दर ३० मिनिटांनी येणाऱ्या थेट बससाठी सरासरी १५ मिनिटं थांबावं लागतं. दर ६ मिनिटांच्या दोन बस बदलून गेलं तर ३ अधिक ३. बार्सिलोनाने २०१२ पासून याच विचाराने आडव्या, उभ्या आणि तिरप्या मार्गांचं जाळं विणायला घेतलं, जेणेकरून बहुतेक ठिकाणी एक बस बदलून पोहोचता यावं. बदलायचं तर जिथे उतरल्या थांब्यावरच दुसरी बस मिळते तिथे. मोठा चौक ओलांडून पलीकडे जावं लागलं, तर वाचवलेली मिनिटं सिग्नल खातो.

एकाच क्रमांकाला चिकटून राहू नये. मुख्य रस्त्यावरून पहिला टप्पा गाठून देणारे दोन मार्ग असतील आणि दोन्ही दर १० मिनिटांनी येत असतील, तर जी आधी येईल ती पकडायची. सरासरी वाट ५ वरून साडेतीन मिनिटांच्या आत येते. त्यासाठी दोन्ही मार्गांचा सामाईक थांबा शोधून तिथे उभं राहावं, मग त्यासाठी दोनशे मीटर मागे चालावं लागलं तरी चालेल.

मोबाइलवर बसची वेळ पाहताना ती कुठून आली ते पाहावं. धावत्या बसचं जीपीएस ठिकाण आणि त्या रस्त्यावर आधी लागलेला वेळ यांवरून अंदाज बांधतात, त्यामुळे ३ मिनिटांचा अंदाज बऱ्यापैकी खरा ठरतो, २५ मिनिटांचा नाही. बस अजून टर्मिनसवरच उभी असेल तर ती कधी सुटणार हे यंत्राला कळायचा मार्ग नसतो. काही ॲपमध्ये थेट माहिती नसली की छापील वेळापत्रकच दाखवतात. रद्द झालेली फेरीही त्यात ‘२ मिनिटांत’ येत राहते. नकाशावर बस सरकताना दिसली तरच विश्वास ठेवावा.

दोन बस जोडीने आल्या तर दुसरीत चढावं. बसायला जागा मिळते, आणि पुढची सगळे थांबे घेत असल्याने वेळही फारसा जात नाही. अपवाद एकच : मागची बस कधी कधी अर्ध्या वाटेवरून परत फिरवतात, म्हणून पाटी वाचून मगच चढायचं.

आणि शेवटचा किलोमीटर. तुंबलेल्या रस्त्यावर बस ताशी ८ किलोमीटरने चालली तर त्याला साडेसात मिनिटं लागतात. ताशी ५ ने चालणाऱ्या माणसाला १२. म्हणजे एवढ्या अंतरासाठी बस बदलायची असेल आणि पुढची साडेचार मिनिटांत येत नसेल, तर सरळ चालू लागावं.