तुडतुड्याच्या पोटात विषाणू नुसता फिरतो की वाढतो?

२०२० च्या उन्हाळ्यात जुन्नर-आंबेगाव आणि शेजारच्या संगमनेर-अकोले भागातला टोमॅटो एकसारखा रंगेनासा झाला. एकाच फळावर हिरवे, पिवळे, लाल पट्टे. शेतकऱ्यांनी त्याला ‘तिरंगा’ म्हटले आणि बातम्यांतही तेच नाव चालले. तपासणीत प्रामुख्याने काकडीवरचा मोझॅक विषाणू निघाला, जोडीला दुसरेही सापडले. अशा वेळी औषधाच्या दुकानात मिळणारा सल्ला ठरलेला असतो: मावा, फुलकिडे, पांढरी माशी, सगळ्यांवर एकदम फवारा.

या तिन्ही किडींचे आपापल्या विषाणूशी असलेले नाते मात्र एकमेकांसारखे नाही. काकडी मोझॅकचा विषाणू माव्याच्या सोंडेच्या टोकाला चिकटतो आणि पुढच्या झाडावर पहिली टोच बसताच उतरतो. किडीच्या पेशीशी त्याचा संबंधच येत नाही, म्हणून औषधाने मावा मरेपर्यंत लागण होऊन गेलेली असते. फुलकिड्यातला टोस्पो विषाणू पेशीत शिरतो, तिथे वाढतो आणि कीड मरेपर्यंत तिच्यात राहतो. पांढऱ्या माशीतला पानमुरडीचा विषाणू तिच्या शरीरात फिरतो एवढे नक्की. तो तिथे वाढतो का, यावर अजून भांडण आहे. आणि भांडण नवे नाही. गेली नव्वद वर्षे तोच प्रश्न वेगवेगळ्या किडींबद्दल विचारला जात आहे.

सुरुवात भातापासून झाली. जपानमध्ये भाताचा खुजा रोग तुडतुड्यांशी जोडलेला आहे हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच लक्षात आले होते. १९३३ मध्ये तिथल्या एका संशोधकाने दाखवले की हा विषाणू तुडतुड्याच्या अंड्यातून पिलांत उतरतो. एका बाधित मादीपासून निरोगी भातावर पिढ्यामागून पिढ्या वाढवल्या, तरी पिल्ले रोग पसरवतच राहिली. विषाणू किडीत वाढत नसता, तर मूळचा थेंबभर साठा इतक्या पिढ्यांत वाटला जाऊन केव्हाच संपला असता. पण वनस्पतीचा विषाणू प्राण्यात वाढतो हे मानायला बरेच जण तयार नव्हते. पिल्ले रोपावरच तर बसतात, रोप आजारी पडले की पुन्हा त्यातूनच विषाणू घेत असतील, ही शंका शिल्लक राहिली.

ती मिटवायला अमेरिकेत केलेला प्रयोग आजही वाचण्यासारखा आहे. क्लोव्हर या चाऱ्याच्या पिकावरचा एक रोग तुडतुड्यांतून पसरे आणि अंड्यातूनही जाई. हा रोग लसूणघासाला होत नाही. म्हणून बाधित मादीची संतती सलग लसूणघासावरच वाढवली. पाच वर्षे, एकवीस पिढ्या. झाडातून नवा विषाणू मिळण्याची सोयच ठेवली नाही. शेवटच्या पिढीतले तुडतुडे क्लोव्हरवर सोडले, तर रोग आला. १९५० मध्ये हे प्रसिद्ध झाले. त्याच सुमाराला ॲस्टर येलोज या दुसऱ्या रोगाचा रस तुडतुड्यांना सुईने टोचून, त्यांचा रस पुढच्यांना टोचून, अशी मालिका चालवली गेली. तिथेही निष्कर्ष तोच निघाला. वाद संपला असे पाठ्यपुस्तकांनी लिहून टाकले.

गंमत पुढे आहे. १९६७ मध्ये जपानमध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ॲस्टर येलोजसारख्या रोगांच्या झाडांत विषाणू दिसलेच नाहीत. दिसले ते भिंत नसलेले जिवाणूसारखे जीव. टेट्रासायक्लिन हे जिवाणूंवरचे औषध दिले की लक्षणे कमी होत, विषाणूच्या रोगात तसे होत नाही. आज आपण त्यांना फायटोप्लाझ्मा म्हणतो. १९७३ मध्ये क्लोव्हरच्या त्या रोगामागेही रिकेट्सियासारखा जिवाणू निघाला, आणि ते दाखवणाऱ्यांत लसूणघासाचा प्रयोग करणारा संशोधक स्वतः होता. म्हणजे वनस्पतीचा विषाणू किडीत वाढतो याचे दोन नावाजलेले पुरावे विषाणूचे नव्हतेच.

तरी निष्कर्ष कोसळला नाही. भाताचा खुजा रोग खरोखर विषाणूचाच होता. क्लोव्हरमधल्या तुडतुड्यांतच सापडलेला, झाडाच्या मुळांवर गाठी आणणारा ‘वुंड ट्युमर’ विषाणूही खरा होता आणि त्याची किडीतली वाढ १९५२ मध्ये स्वतंत्रपणे दाखवली गेली होती. पण या प्रकरणाची दखल बहुतेक आढाव्यांत दोन ओळींत उरकली जाते. माझ्या मते ती जास्त जागेची हक्कदार आहे, कारण साठा वाटला जाऊन संपायला हवा होता हा युक्तिवाद काहीतरी वाढत आहे एवढेच सांगतो. काय वाढत आहे, ते सांगत नाही.

ते पाहायचे तर अख्खी कीड नव्हे, किडीच्या पेशी काचेत वाढवायला हव्या होत्या. या वळणावर पुणे येते. तुडतुड्यांच्या पेशींसाठी एक पोषक द्रावण अमेरिकेत १९६४ मध्ये तयार झाले होते. तेच द्रावण वापरून १९६७ मध्ये पुण्यातल्या विषाणू प्रयोगशाळेत एडिस डासांच्या अळ्यांपासून कायम वाढत राहणाऱ्या पेशी तयार झाल्या. हेतू माणसाच्या तापांचा होता, पिकांचा नव्हे. त्यातल्याच एका वाणातून १९७८ मध्ये निवडलेल्या पेशी आज जगभर डेंग्यू आणि चिकुनगुनियाचे विषाणू वाढवायला वापरतात. या पेशींत विषाणू इतका फोफावतो, त्यामागे त्यांची आरएनए कापून टाकणारी संरक्षण यंत्रणा बिघडलेली असल्याचे २०१० मध्ये समजले. पुण्याच्या या कामाची आठवण डेंग्यूच्या संदर्भात निघते. त्यात तुडतुड्यांचे देणे आहे हे सहसा कोणी सांगत नाही.

त्याच सुमाराला तुडतुड्यांच्या पेशींचे थर काचेवर तयार झाले आणि वुंड ट्युमर विषाणू त्यात मोजता येऊ लागला. मग एक विचित्र गोष्ट कळली. हाच विषाणू वर्षानुवर्षे फक्त कलमांतून, किडीविना, झाडात ठेवला की त्याच्या जनुकसंचाचे काही तुकडे गळून पडत. झाडात तो सुखाने वाढे, पण किडीत जाणे संपलेले असे. १९७४ ते ७७ दरम्यानच्या या कामात वाटा असलेल्या एका भारतीय संशोधकाने पुढे हैदराबादजवळ भुईमुगाच्या विषाणूंचा अभ्यास केला. जे जनुक फक्त किडीसाठी लागते ते झाडात ओझेच, हा धागा तिथून निघतो. भाताच्या खुज्या रोगातही बाहेरच्या थरातले एक प्रथिन गेले की विषाणू तुडतुड्याच्या पेशीला चिकटूच शकत नाही, हे नव्वदच्या दशकात दिसले.

पेशीच्या आत काय चालते याचे आज उपलब्ध असलेले सर्वांत स्पष्ट चित्र भाताच्या याच खुज्या रोगाच्या विषाणूचे आहे, आणि ते बहुतांशी २००५ नंतरचे. सुमारे ७० नॅनोमीटरचा हा कण पेशीच्या कातडीतून आत ओढला जातो. त्याच्या पोटात दुपेडी आरएनएचे १२ तुकडे असतात आणि त्यांच्या प्रती काढणारे एन्झाइमही. काही तासांत पेशीद्रवात दाट, पडदा नसलेला एक ढिगारा दिसू लागतो. त्याला व्हायरोप्लाझम म्हणतात. तो विषाणूच्याच काही प्रथिनांनी रचलेला असतो. ढिगाऱ्याच्या आत गाभे बनतात, कडेला आल्यावर त्यांच्यावर बाहेरचा थर चढतो. तयार कण मग एका वेगळ्या प्रथिनाने बांधलेल्या, ८५ नॅनोमीटर जाड नळ्यांत एका रांगेत शिरतात आणि त्या नळ्या शेजारच्या पेशीत घुसतात. पेशी फोडायची गरज नाही. कीड आजारी दिसत नाही, खात राहते, उडत राहते. विषाणूला हवे तेच.

फुलकिड्यांची कथा उशिरा उलगडली. भुईमुगाचा शेंडेमर भारतात १९४९ पासून नोंदलेला, पण बराच काळ तो टोमॅटोच्या परदेशी स्पॉटेड विल्टचाच समजला गेला आणि त्याची वाहक कीडही चुकीची ठरवली गेली. १९९० च्या दशकात विषाणू वेगळा असल्याचे आणि वाहक थ्रिप्स पामी ही फुलकिड्याची जात असल्याचे स्पष्ट झाले. आपल्या टोमॅटोवर गोल कडी आणणारा टोस्पो हाच. स्पॉटेड विल्टचा विषाणू फुलकिड्यात वाढतो हे १९९३ मध्ये अमेरिका आणि नेदरलँड्समध्ये जवळजवळ एकाच वेळी दाखवले गेले. त्यात पिलाचे महत्त्व मोठे. पिल्लूदशेतच विषाणू आतड्याच्या पेशींत शिरून लाळग्रंथीपर्यंत पोचतो. मोठा झालेला फुलकिडा बाधित झाडावर कितीही बसला तरी नव्याने रोगवाहक होत नाही. म्हणून बाधित रोप शेतात ठेवण्याचा खरा धोका त्यावर जन्मणाऱ्या पिलांत असतो.

आता पांढरी माशी. पानमुरडीचा विषाणू एकपेडी डीएनएचा आहे आणि त्याच्याकडे प्रती काढणारे स्वतःचे एन्झाइम नाही. यजमान पेशीचीच यंत्रणा त्याला उसनी घ्यावी लागते. म्हणून तो माशीत वाढणे शक्य नाही, नुसता आतड्यातून रक्तद्रवात आणि तिथून लाळेत जातो, असे कित्येक वर्षे मानले गेले. शंका घेणारे मधूनमधून निघत. कपाशीला टोमॅटोचा पिवळा पानमुरड विषाणू होत नाही, म्हणून बाधित माश्या कपाशीवर हलवायच्या आणि त्यांच्यातला विषाणू दिवसागणिक मोजायचा. लसूणघासाचाच प्रयोग, नव्या साधनांनी. काहींना वाढ दिसली, काहींना नाही. मोजणाऱ्यांची अडचण अशी की विषाणू वाढताना बनणारा दुसरा पेड सापडला तरी तो माशीने बनवला की झाडाच्या रसातून प्यायला, हे सहज ठरत नाही. २०२० मध्ये चीनमधल्या गटाने दाखवले की हा विषाणू माशीच्या लाळग्रंथीत तिचीच डीएनए बनवणारी प्रथिने कामाला लावतो. ती प्रथिने दाबली की विषाणू घटतो. मला हा पुरावा बळकट वाटतो. तरी तो एका विषाणूचा आणि एका माशीचा आहे.

आपल्याकडे टोमॅटोवर ‘टोमॅटो लीफ कर्ल न्यू दिल्ली’सारखे वेगळे विषाणू आहेत, आणि पांढऱ्या माशीचेही एशिया १, एशिया २ असे गट आहेत. या जोड्यांवर तोच प्रयोग करायचा, तर मधले झाड आधी नव्याने निवडावे लागेल, कारण न्यू दिल्ली विषाणू कपाशीवरही आढळलेला आहे.